मलाक्काची जुनी वस्ती पायी कशी पाहावी

२००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेले मलेशियातील मलाक्का शहर पायीच पाहावे आणि सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी, सेंट पॉल टेकडीपासून सुरुवात करावी. १५११ मध्ये शहर जिंकल्यावर पोर्तुगीजांनी बांधलेल्या आ फामोसा किल्ल्याचा बहुतेक भाग इंग्रजांनी पाडला, त्यामुळे पायथ्याशी आज सांतियागो दरवाजा तेवढा उरला आहे. वर छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंतींत थोडा वेळ अवश्य थांबावे, कारण गोव्यात चिरविश्रांती घेणाऱ्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह १५५३ मध्ये काही महिने येथेच ठेवला होता.

खाली उतरल्यावर डच काळातील लाल स्टॅडहाउस (जुने नगरभवन) आणि १७५३ चे क्राइस्ट चर्च लागते. नदीचा पूल ओलांडून तोकोंग रस्त्याकडे वळावे. चेंग हून तेंग हे चिनी मंदिर, पॅगोडासारखा मिनार असलेली कांपुंग क्लिंग मशीद आणि तमिळ वंशाच्या चेट्टी समाजाने १७८१ मध्ये उभारलेले विनायकाचे मंदिर तेथे एकमेकांपासून काही पावलांवर आहेत, आणि माझ्या मते शहराचा खरा आत्मा येथेच भेटतो. प्रार्थनास्थळांत जायचे असल्याने खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. जोंकर रस्त्यावरील रात्रबाजारासाठी शुक्रवार ते रविवार यांतील एखादी संध्याकाळ राखून ठेवावी.