डॉक्टरांना बीपीचं प्रशिक्षण देताय? या चुका टाळा

जिल्ह्याच्या ठिकाणी हॉल, भरपूर स्लाईड, दुपारचं जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र. दोन दिवसांनी त्याच डॉक्टरांच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बिनपाठीच्या स्टुलावर बसलेल्या आजीच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, हात तसाच लोंबकळत, आणि आजी सुनेची तक्रार सांगतच असते. औषधं शिकवली, मोजायला कुणी शिकवलंच नाही.

म्हणून पहिला तास मशीनला द्या. डॉक्टरांना जोडीजोडीने बसवून एकमेकांचं बीपी मोजायला लावा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, आधी पाच मिनिटं शांत बसणं, मोजताना तोंड बंद. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा फुगतो, लघवी दाबून बसलेल्याचाही फुगतो. आपल्याकडे आणखी एक प्रश्न हवाच: खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) कधी खाल्ला? रांगेत बसून खाल्ला असेल तर अर्धा तास थांबा. मग एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा.

चूक पकडायची सोपी जागा म्हणजे एनसीडीचं (बीपी, शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांचं) रजिस्टर. 130/80, 140/90, 130/80 असं पानभर शून्यच शून्य दिसलं, तर आकडे मोजलेले नाहीत, अंदाजाने लिहिलेत. डिजिटल मशीन इतकं गुळगुळीत वागत नाही.

दुसरी चूक माझ्या मते जास्त महागात पडते. कार्डावर 156/98, पुढच्या महिन्यात 152/94, मग 158/96, आणि तिन्ही वेळा खाली एकच शेरा: सीटी ऑल. म्हणजे आहे तेच चालू. डॉक्टरला विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘आज उन्हात चालत आली’, ‘घरी टेन्शन आहे’. प्रशिक्षणाला येताना प्रत्येकाने आपल्याच ओपीडीची चार-पाच कार्डं आणावीत आणि त्यांवरच चर्चा व्हावी. कुठल्याही स्लाईडपेक्षा ती जास्त बोलतात. वर्धा आणि भंडारा हे जिल्हे भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यापासून होते. तिथला गाभा साधा होता: ठरलेली पायरी, ठरलेली गोळी, महिन्याचा साठा. अ‍ॅम्लोडिपिनने बीपी 140/90 च्या खाली येत नसेल तर टेल्मिसार्टन जोडा, तरी नाही तर क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. पायरी चढण्याआधी मात्र गोळी पोटात जाते का ते बघा. ‘रोज घेता ना?’ म्हटलं की सगळे हो म्हणतात. ‘मागच्या आठवड्यात किती दिवस राहून गेली?’ असं विचारा, मग खरं बाहेर येतं: ‘आता तं बरं वाटून राह्यलं, मंग गोळी कायले खाऊ?’

यावर डॉक्टरकडे उत्तर तयार हवं. गडचिरोलीच्या 86 गावांत 2011 ते 2013 दरम्यान झालेल्या अभ्यासात साधारण सातातला एक मृत्यू लकव्याने झालेला आढळला. बीपी दुखत नाही, त्यातून येणारा लकवा मात्र घर बसवतो, हे आशाताईंनीही सांगायला हवं.

गोळ्या वाढवूनही बीपी हलत नसेल तर दुखण्याच्या गोळीबद्दल विचारा. कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी चालू असली की कंबर धरते आणि डायक्लोफेनॅक पोटात जातं. त्याने बीपी चढतं. त्यात टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर किडनीलाही धोका. मे महिन्याच्या 45 अंशांत हगवण-उलटी झालेल्या रुग्णाच्या या दोन गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात, हे उन्हाळा लागायच्या आधीच शिकवा. मूल होण्याच्या वयातल्या बाईला टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल विचार न करता लिहू नका, गरोदरपणात ती चालत नाहीत.

निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची सवय कुणाला अजून असेल तर ती मोडा. बीपी धाडकन पडून लकवा किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो. आकडा 180/110 च्या वर पण त्रास काहीच नाही, तर नेहमीच्या गोळ्या सुरू करून लवकर परत बोलवा. छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, हातपाय लुळा पडलाय, तर 108 बोलवा.

बोलावणं फक्त सरकारी डॉक्टरांना जातं, हीही चूकच. गावकरी आधी चौकातल्या खासगी दवाखान्यात जातो. त्या बीएएमएस (आयुर्वेद पदवीच्या) डॉक्टरांनाही बोलवा, त्यांची ओपीडी संपल्यावरची वेळ ठेवा. आणि गोळ्यांची पुढची तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी पाडायला सांगा, त्या दिवशी माणूस तसाही तालुक्याला येतोच.