फेरेटवरील संशोधन: नव्याने येणाऱ्यांसाठी एका पशुवैद्यकाचे अनुभव

गोव्यात फार्मसी आणि जैवतंत्रज्ञान शिकणारी मुले भेटली की मला हमखास विचारतात, की उंदीर स्वस्त आणि सहज मिळणारा असताना फ्लूच्या संशोधनात फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा परका प्राणी कशाला हवा? याचे कारण असे, की माणसातील फ्लूचे बहुतेक विषाणू उंदरात नीट वाढत नाहीत, त्यांना आधी उंदराच्या शरीराला सरावून घ्यावे लागते. फेरेटला मात्र ते जसेच्या तसे बाधतात. हे विषाणू श्वसनमार्गातील पेशींवरच्या ज्या सायालिक आम्लाला (एका शर्करेच्या रेणूला) चिकटतात, त्याचा प्रकार आणि त्याची मांडणी फेरेटमध्ये माणसाशी बरीच जुळते. त्यामुळे त्याला ताप येतो, नाक वाहते आणि मुख्य म्हणजे तो शिंकतो. १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील गाळलेला द्राव फेरेटच्या नाकात सोडला आणि माणसाचा फ्लू विषाणूमुळे होतो हे दाखवून दिले. लसीत कोणते वाण घ्यायचे हे ठरवण्यासाठी लागणारे संदर्भ-सीरम, म्हणजे तुलनेसाठी वापरायचा प्रतिपिंडयुक्त रक्तद्रव, आजही फेरेटकडूनच मिळते.

पशुवैद्यकीय पदवीनंतर परदेशातील एका प्रयोगशाळेत मी हे काम शिकले. तिथे विषाणूला हात लावण्याआधीच बराच काळ तयारीत जातो आणि माझ्या मते प्रयोगाचा खरा कस तिथेच लागतो. प्रत्येक फेरेटचे रक्त तपासून त्याच्या अंगात प्रचलित फ्लूविरुद्धची प्रतिपिंडे नाहीत याची खात्री करावी लागते, कारण पिंजरा साफ करणाऱ्या माणसाच्या सर्दीतूनही त्याला फ्लू होऊ शकतो आणि मग सगळा गट निरुपयोगी ठरतो. म्हणून कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देतात आणि अंगात कणकण असलेल्याला आत सोडत नाहीत. निरोगी फेरेटचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तो खेळून दमला तरी ते चढते. तेव्हा प्रत्येक प्राण्याच्या नेहमीच्या तापमानाची नोंद आधीचे काही दिवस ठेवली नसेल, तर नंतरच्या तापाला अर्थ उरत नाही.

विषाणू किती द्रावात घालून नाकात सोडायचा, हा प्रश्न नवख्यांना किरकोळ वाटतो. तो तसा नाही. भूल दिलेल्या फेरेटला जास्त द्राव दिला तर तो थेट फुफ्फुसात उतरतो आणि आजाराचे स्वरूपच बदलते. त्यानंतर ठरावीक दिवसांनी नाक धुऊन नमुना घ्यावा लागतो. सौम्य गुंगीतल्या फेरेटला एका हाताने मानगुटीच्या सैल कातडीला धरून दुसऱ्या हाताने मागचे अंग सावरायचे, सुई नसलेल्या सिरिंजने नाकपुडीत सलाईनचे थेंब सोडायचे आणि तो शिंकला की उडालेला द्राव खाली धरलेल्या डिशमध्ये झेलायचा. शुद्धीतला फेरेटही असा नीट धरला की बहुधा सैल पडून जांभई देतो; धडपडत राहिला, तर आपली पकड चुकते आहे असे समजावे.

फ्लूपलीकडेही त्याचा उपयोग आहे. उंदराला उलटी होत नाही, फेरेटला होते. म्हणून केमोथेरपीतील उलट्या थांबवणाऱ्या औषधांच्या अभ्यासात त्याचे मोठे योगदान आहे. तरीही केवळ फेरेटवर काम करायला मिळावे म्हणून कोणी प्रश्न शोधू नये. लसीची प्राथमिक चाचणी उंदरात भागत असेल, तर ती उंदरातच करावी.

आपल्या हवामानाचाही विचार करायला हवा. फेरेटला घाम जवळपास येत नाही आणि ३० अंशांपुढे त्याची तगमग सुरू होते. गोव्यातील मे महिना, दमट हवा आणि पावसाळ्यात जाणारी वीज लक्षात घेता, अखंड वातानुकूलन व जनरेटर यांच्याशिवाय इथे फेरेट ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते. भारतात फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये २०२५ साली फेरेटसाठी स्वतंत्र सुविधा सुरू झाली आहे, तेव्हा शिकण्यासाठी आता परदेशीच जावे लागेल असे नाही.

तोवर आपल्या महाविद्यालयाच्या पशुगृहात उंदरांवर हात बसवून घ्यावा, दैनंदिन नोंदी ठेवण्याची सवय लावावी आणि प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या नैतिकता समितीपुढे जाणारा अर्ज मार्गदर्शकांसोबत बसून एकदा तरी पूर्ण भरावा. प्राण्यांची संख्या इतकीच का, हा त्यातला रकाना सर्वांत जास्त शिकवतो. कुठल्याही प्रयोगशाळेत मुलाखतीला गेलात, तर चतुर्थीच्या सुट्टीत प्राण्यांची देखभाल कोण करतो आणि तापमानाच्या नोंदवहीवर सही कोणाची असते, हे मोकळेपणाने विचारा. मी अजूनही नव्या ठिकाणी हाच प्रश्न आधी विचारते.