दिवाळीत गुलाबबाग बघायला येताय? या चुका टाळा

सोयाबीन निघालं, दिवाळीला लेकी-जावई आले, की आमच्या तालुक्याच्या गुलाबबागेपुढे गाड्या लागतात. आणि उतरल्या उतरल्या मला, म्हणजे माळ्याला, प्रश्न: "काऊन भाऊ, फुलं कुठी हायेत?"

फुलं नसतात. पाऊस उघडला की ऑक्टोबरात आम्ही छाटणी करतो आणि त्यानंतर कलमी गुलाब फुलायला साधारण ४५ ते ५० दिवस घेतो. दिवाळीत दिसतात ते गुडघाभर खुंट, टोकाला मोरचूद-चुन्याचा निळसर लेप आणि बाजूने फुटलेले तांबूस कोंब. एक काका तर माझ्यावरच खेकसले, "सारी झाडं तोडून टाकली तुमी!" चंदीगडच्या झाकीर हुसेन बागेतही गुलाब महोत्सव फेब्रुवारीत भरतो. आपल्याकडे बहर बघायचा तर डिसेंबर-जानेवारीत या. दिवाळीतच यायचं असेल, तर वाकून कोंब बघा. मला तरी ते फुलाहून कमी वाटत नाहीत.

दुसरी चूक सांगताना अजून डोकं तापतं. गुपचूप शेंडा मोडणं. दोन वर्षांमागं माझ्याच साळ्यानं ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाचे चार कोंब खुडून ओल्या रुमालात गुंडाळले. "गच्चीवर लावतो ना, भाऊजी!" तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांच्या काड्या झाल्या. इतका कोवळा कोंब मूळ धरायच्या आधीच सुकतो; लावायला पेन्सिलीएवढी जाड, जून काडी लागते. बरं, यातले बहुतेक गुलाब जंगली खुंटावर डोळा भरून, म्हणजे जंगली गुलाबाच्या खोडात चांगल्या जातीचा डोळा बसवून केलेले. नुसत्या काडीवर जगले तरी रडतखडत. इकडे त्या झाडाची पहिली चार फुलं गेली ती गेलीच. घाई नसेल तर छाटणीच्या आठवड्यात या आणि मागा, काड्यांचा ढीग पडलेला असतो. देशी गुलाबाची न्या, ती लागते. पण मागायला लोकांना लाज वाटते, चोरायला नाही.

फोटोसाठी वाफ्यात उतरू नका. काळी माती ओली असताना तुडवली की विटेसारखी बसते.

लेकरांना पाकळ्या तोंडात घालू देऊ नका. फवारणी झालेली असते, पाटी असो वा नसो.

जॉर्जेटची ओढणी घरीच ठेवा.

आणि दुपारी बाराला येऊन "वास येत नाही" म्हणू नका. ऑक्टोबरच्या उन्हात वास केव्हाच उडून गेलेला असतो. मी सातला फाटक उघडतो.