‘इतक्या लाख नोकऱ्या देऊ’ म्हणणाऱ्या उमेदवाराला नेमकं काय विचारायचं

बातम्यांच्या टेबलावर बसून उमेदवारांच्या भाषणांतले आकडे तपासणं आणि वादचर्चेच्या सूत्रधाराला प्रश्न लिहून देणं हे माझं काम. त्यातून एक मत पक्कं झालं आहे. नोकऱ्यांच्या आश्वासनावर सर्वांत वाया जाणारा प्रश्न म्हणजे ‘तुम्ही नोकऱ्या कशा निर्माण करणार?’ या प्रश्नावर कुठलाही बरा वक्ता दोन मिनिटं उद्योग, कौशल्य, तरुणाई असं बोलत राहतो, आणि वेळ संपल्याची घंटा वाजते. उत्तर एका आकड्यात किंवा ‘हो-नाही’त द्यावं लागेल असाच प्रश्न विचारायचा. तो कसा तयार करायचा ते सांगते.

आधी वाक्य उतरवून घ्या. आपल्याला आठवतं तसं नाही, बोललं गेलं तसं. त्याखाली चार रकाने: किती, किती काळात, कुठे, आणि मोजणी कुठल्या तारखेपासून. यातला एक तरी रकाना रिकामा राहतोच, आणि बहुतेक वेळा तो चौथा असतो. जाहीरनाम्याची छापील प्रत मिळाली तर तीही शेजारी ठेवा. सभेत गरजलेला आकडा छापताना गायब झालेला मी अनेकदा पाहिला आहे.

मग सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: हा आकडा कशाच्या वरचा? निवडणूक कोणीही जिंको, लोकसंख्या वाढते, मंदी ओसरते, दुकानं उघडतात, काही नोकऱ्या आपसूक वाढतातच. उमेदवार त्या धरून बोलतोय की सोडून?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात 2010 मध्ये राज्यपालपदासाठी उभे असलेले रिक स्कॉट यांची घोषणा होती सात वर्षांत 7 लाख नोकऱ्यांची. राज्याच्या अर्थतज्ज्ञांचा अंदाज असा होता की त्या काळात काहीही न करता साधारण 10 लाख नोकऱ्या वाढतील. म्हणजे घोषणा नुसती तशीच वाचली तर आपोआप होणार त्यापेक्षाही कमी! ऑक्टोबरमधल्या वादचर्चेत हे नेमकं विचारलं गेलं, आणि स्कॉट यांनी स्वच्छ उत्तर दिलं की त्यांचे 7 लाख हे नेहमीच्या वाढीच्या वर असतील. म्हणजे एकूण 17 लाखांच्या घरात. ते निवडून आले. पुढच्या वर्षी पत्रकारांनी हिशोब मागितला तेव्हा ‘वर’ हा भाग त्यांनी मान्य केला नाही, 7 लाख म्हणजे 7 लाख, असा पवित्रा घेतला. पण चर्चेचं चित्रीकरण होतं. राज्यात 7 लाखांचा टप्पा मुदतीच्या आतच ओलांडला गेला आणि वचनपूर्ती म्हणून तो मिरवलाही गेला. कुठलं वचन पूर्ण झालं, हा वाद त्यामुळेच उभा राहू शकला. त्या रात्री तो एक प्रश्न विचारलाच नसता तर वादालाही जागा उरली नसती. सूत्रधाराचं काम एवढंच असतं आणि एवढं मोठंही असतं.

2012 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मिट रॉम्नी यांनी चार वर्षांत 1 कोटी 20 लाख नोकऱ्यांचं आश्वासन दिलं, तेव्हा मूडीज ॲनालिटिक्स या आर्थिक अंदाज मांडणाऱ्या संस्थेचा अंदाजही तेवढाच होता, कोणीही जिंकलं तरी. उमेदवार लबाड होता असा याचा अर्थ नाही. त्या आकड्यात त्याच्या धोरणाचा वाटा किती, हे आकड्यावरून कळत नव्हतं, एवढंच. तेव्हा प्रश्न असा लिहा: ‘तुम्ही हरलात तर याच मुदतीत किती नोकऱ्या वाढतील असं तुम्हाला वाटतं?’ उमेदवार अडखळतो, आणि ते अडखळणं प्रेक्षकांना दिसतं.

यानंतर कागद-पेन्सिल. भागाकार-गुणाकार इतकाच करायचा, अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बिहारमध्ये 2025 च्या निवडणुकीआधी तेजस्वी यादव यांनी जाहीर केलं की ज्या कुटुंबात सरकारी नोकरी नाही अशा प्रत्येक कुटुंबाला एक सरकारी नोकरी मिळेल, त्यासाठी 20 दिवसांत कायदा आणि 20 महिन्यांत अंमलबजावणी. बिहारच्या जातनिहाय सर्वेक्षणात कुटुंबं साधारण 2 कोटी 76 लाख आणि सरकारी नोकरीत असलेली माणसं साधारण 20 लाख निघाली होती. ती सगळी वेगवेगळ्या घरांतली धरली, तरी अडीच कोटींच्या आसपास कुटुंबं उरतात. पगार महिना 25,000 धरू या (हे माझं गृहीतक, सरकारी पगाराच्या मानाने कमीच). वर्षाचे तीन लाख गुणिले अडीच कोटी, म्हणजे साडेसात लाख कोटी रुपये. राज्याचा 2025-26 चा संपूर्ण अर्थसंकल्प साधारण 3 लाख 17 हजार कोटींचा होता. रस्ते, दवाखाने, शाळा सगळं बंद केलं तरी निम्मा पगारही निघत नाही.

आता दुसऱ्या बाजूलाही तोच कागद लावा, नाहीतर तुम्ही तपासनीस नाही, प्रचारक. सत्ताधारी आघाडीने त्याच निवडणुकीत 1 कोटीहून जास्त ‘सरकारी नोकऱ्या आणि रोजगार’ असं एकत्र सांगितलं. इथे गुणाकार करताच येत नाही, कारण त्यात पगारी पदं किती आणि कर्ज काढून स्वतःचा धंदा टाकणारे किती हे वेगळं केलेलंच नाही. मला विचाराल तर अशक्य आकड्यापेक्षा असा मिसळलेला आकडा जास्त त्रासदायक. पहिला निदान पकडता येतो. अशा वेळी प्रश्न: ‘यातली महिन्याच्या महिन्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळणारी पदं किती?’

नोकरी कशाला म्हणायचं हा वाद इथूनच सुरू होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मानकाप्रमाणे पाहणीच्या आठवड्यात पैशासाठी किंवा नफ्यासाठी एक तासभर काम केलं तरी माणूस कामात असल्याचं धरतात. भारतातल्या नियतकालिक श्रमबल पाहणीतही चालू साप्ताहिक स्थितीची (म्हणजे मागच्या सात दिवसांतल्या कामाची) मोजणी एका तासावरच होते, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी माणसंही कामात धरली जातात. त्यामुळे ‘बेरोजगारी घटली’ आणि ‘माझ्या मुलाला नोकरी लागत नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. जानेवारी 2018 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एका मुलाखतीत विचारलं होतं की वाहिनीच्या कार्यालयाबाहेर भजी विकून दिवसाला 200 रुपये घरी नेणाऱ्याला रोजगार म्हणायचं की नाही. त्यावर पुढे बरेच दिवस टिंगल चालली. आकडेवारीच्या भाषेत तो माणूस स्वयंरोजगारात, त्यात वाद नाही. विचारायला हवं होतं ते वेगळंच: निवडणुकीआधी जो आकडा लोकांना ऐकवला, त्यात हा माणूस मोजलेला होता का? टिंगलीच्या नादात तो प्रश्न राहूनच गेला.

पुढे निव्वळ वाढ आणि एकूण भरती यांची गल्लत. अमेरिकेत एका महिन्यात 50 लाखांहून जास्त माणसं नवीन कामावर रुजू होतात आणि जवळपास तितकीच काम सोडतात किंवा काढली जातात. बातमीत येते ती उरलेली वजाबाकी. ‘आम्ही इतक्या लोकांना नेमणूकपत्रं दिली’ असं कोणी म्हणालं की त्याच काळात निवृत्त किती झाले, ते विचारायचं. भविष्य निर्वाह निधीची नवी खाती नव्या नोकऱ्या म्हणून दाखवली जातात, त्यांचं तसंच. 20 माणसांचा टप्पा ओलांडल्यावर एखाद्या आस्थापनेतली जुनी माणसं नव्याने नोंदली जातात. कामगाराच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट, पण नवी नोकरी नव्हे.

उमेदवार एखाद्या प्रकल्पाचं नाव घेतो तेव्हा कान टवकारा. कीस्टोन एक्सएल या तेलवाहिनीवर अमेरिकेत वर्षानुवर्षं भांडण झालं. समर्थक म्हणायचे 42,000 नोकऱ्या, विरोधक म्हणायचे 35. गंमत अशी की दोन्ही आकडे एकाच सरकारी अहवालातले, जानेवारी 2014 च्या. बांधकामाच्या काळात प्रत्यक्ष, पुरवठादारांकडे आणि कामगारांच्या खर्चातून इतरत्र मिळून साधारण 42,000. त्यात वाहिनीवर प्रत्यक्ष बांधकाम करणारे, पूर्ण वर्षाच्या हिशोबाने, 3,900 च्या आसपास. आणि बांधून झाल्यावर कायम लागणारे 35, शिवाय 15 हंगामी. प्रकल्पाबद्दल म्हणूनच तीन आकडे वेगवेगळे मागायचे: बांधताना किती, चालवताना किती, आणि गेटच्या बाहेर किती. ‘दहा हजार नोकऱ्या’ म्हणजे दहा हजार माणसांना एक वर्ष काम, की हजार माणसांना दहा वर्षं, हेही विचारून घ्या. अहवालात दोन्ही सारखेच दिसतात.

करसवलत द्यायची असेल तर ती कशाला बांधली आहे ते बघा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने 2017 मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीशी करार केला. 10 अब्ज डॉलर गुंतवणूक, 13,000 पर्यंत नोकऱ्या, बदल्यात राज्याकडून साधारण 3 अब्ज डॉलरच्या सवलती. भागाकार केला तर एका नोकरीमागे 2 लाख 30 हजार डॉलर. कारखाना ठरल्यासारखा उभा राहिला नाही, 2021 मध्ये करार बदलून 1,454 नोकऱ्या आणि 8 कोटी डॉलरच्या सवलतींवर आला. राज्याचं फारसं बुडालं नाही, कारण सवलत प्रत्यक्ष भरतीला आणि गुंतवणुकीला बांधलेली होती. पण जमीन घेण्यावर आणि रस्ते-पाण्यावर स्थानिक संस्थांनी केलेला खर्च कुठल्याही अटीला बांधलेला नव्हता, तो होऊन गेला.

प्रकल्प पळवला, पळवून नेला, या आरोपांनाही हीच शिस्त. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प सप्टेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राऐवजी गुजरातला जाहीर झाला तेव्हा 1 लाख 54 हजार कोटी आणि 1 लाख नोकऱ्या गेल्या म्हणून केवढा गदारोळ. जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं. ज्या नोकऱ्यांवरून दोन राज्यं भांडली त्या जाहीर करतानाच्या कागदावरच राहिल्या. सामंजस्य करार, जमिनीचा ताबा, पहिली भरती: आकडा यातल्या कुठल्या पायरीवरचा आहे ते विचारा.

उमेदवाराला ते अधिकार आहेत का, हे एका ओळीत तपासता येतं. नगरसेवक व्याजदर ठरवत नाही आणि खासदार जिल्हा परिषदेची भरती काढत नाही.

टीका करणाऱ्यालाही मोकळं सोडू नये. जानेवारी 2009 मध्ये ओबामांच्या अर्थतज्ज्ञांनी अंदाज मांडला होता की मंदीवर उपाय म्हणून सरकारी खर्चाची प्रोत्साहन योजना आणली तर बेरोजगारी 8 टक्क्यांच्या आसपास थांबेल, नाही आणली तर 9 पर्यंत जाईल. योजना आली, आणि ऑक्टोबरमध्ये दर 10 टक्क्यांवर. विरोधकांनी हा आलेख वर्षानुवर्षं फडकवला. पण यातून सिद्ध काय झालं? अंदाज चुकला, हे नक्की. योजनेने नोकऱ्या घालवल्या, हे मात्र नाही, कारण अंदाज करताना मंदी किती खोल आहे हे कोणालाच नीट दिसलेलं नव्हतं. दुसरी युक्ती म्हणजे सोयीची सुरुवात निवडणं. सर्वांत वाईट महिन्यापासून मोजलं तर कोणीही कर्तबगार दिसतो. तिसरी जरा आत लपलेली असते: काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या शंभरांत दहा बेरोजगार आहेत, त्यातल्या पाच जणांनी कंटाळून शोधणंच सोडलं, तर दर 10 वरून 5.3 टक्क्यांवर येतो आणि एकालाही काम मिळालेलं नसतं. म्हणून बेरोजगारीच्या दराबरोबर श्रमबलातल्या सहभागाचा दर, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण, मागायचाच.

हे सगळं एका चर्चेत विचारता येत नाही. वेळ एकाच प्रश्नाचा असेल तर मी ‘कशाच्या वर’ हाच विचारायला देते, आणि पुरवणी म्हणून ‘हा आकडा चुकला तर तुम्ही काय कराल?’ दुसऱ्याचं उत्तर क्वचित मिळतं, पण मिळतं. इटलीत मे 2001 मध्ये सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी टीव्हीवर चक्क करारावर सही केली: पाच वचनं, त्यात किमान 15 लाख नोकऱ्या, आणि पाचांपैकी किमान चार पूर्ण केली नाहीत तर पुन्हा उभा राहणार नाही. 2006 मध्ये ते उभे राहिलेच, वचनं पाळली असं म्हणत. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांनी 2013 संपेपर्यंत बेरोजगारीचा आलेख खाली वळवण्याचं वचन दिलं होतं, ते जमलं नाही. पुढे बेरोजगारी घटली नाही तर उमेदवारीच नको, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं, आणि डिसेंबर 2016 मध्ये पुन्हा लढणार नसल्याचं जाहीर केलं. त्यामागे इतरही कारणं होती.

निकालानंतर चित्रफीत तारखेसकट जपून ठेवा. वर्षभराने ताळा करताना पहिल्या आकड्यावर उडी मारू नका. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितलं की मार्च 2024 पर्यंतच्या वर्षातल्या नोकऱ्या आधी मोजल्या त्यापेक्षा 8 लाख 18 हजारांनी कमी असाव्यात. प्रचार ऐन भरात होता आणि त्या आकड्यावरून वादही झाला. अंतिम दुरुस्ती आली 2025 च्या फेब्रुवारीत, साधारण 6 लाखांची. तोवर मतदान होऊन गेलं होतं.