फट भरण्याआधी ती का पडली ते बघा : हेलिकॉप्टरचं अवघड किट जोडताना या चुका टाळा

माझं पहिलं चेतक आजही बुटांच्या एका खोक्यात पडून आहे. लांबून बघितलं तर हेलिकॉप्टर, हातात घेतलं तर पोटापासून शेपटीपर्यंत लांबी (पुटी) भरलेली जुनी चौकट. किट १/७२ मापाचं होतं आणि त्यात दोष होतेच, पण ते खोक्यात गेलं माझ्यामुळे. फट दिसली की मी पुटीची ट्यूब उघडत होतो. ती फट मुळात पडली कशाने, हे एकदाही तपासलं नाही. वर्षभराने तेच किट पुन्हा आणलं आणि या वेळी ट्यूब कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. शेवटी ती काढावी लागलीच, पण तिसऱ्या आठवड्यात आणि मटारच्या दाण्याएवढ्या पुटीसाठी.

चेतक म्हणजे मूळचं फ्रेंच अलुएत ३. पहिलं उड्डाण १९५९ सालचं. १९६२ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टने (आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स) परवान्याचा करार केला आणि १९६५ पासून आपल्याकडे बांधलेली चेतक उडू लागली. तीनशेहून जास्त बांधली गेली. मुख्य रोटरचा (डोक्यावरच्या पंख्याचा) व्यास ११.०२ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये जेमतेम १५.३ सेंटिमीटर. या मापात अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या यंत्रात ३६ मिलिमीटर. दीड इंच उघडा सांधा घेऊन कुठला वैमानिक उडेल?

लढाऊ विमानाच्या किटमध्ये कॉकपिट बोटाच्या पेराएवढा असतो, काच त्याहून लहान. चेतकचं पुढचं अर्धं अंगच काचेचं आहे. आतल्या खुर्च्या, फरशी, मागची भिंत सगळं बाहेरून दिसतं आणि त्या सगळ्यावर बाहेरचं कवच बसतं. त्यातून किट शॉर्ट-रन असेल, तर साचे कमी नगांसाठी स्वस्तात केलेले असतात. एका तुकड्याची खुंटी दुसऱ्याच्या भोकात जाऊन बसते हा प्रकार बहुधा नसतोच. कडेला कडा लावायची आणि आपणच जुळवायची.

तुकडा कापला की लगेच जोडणं

स्प्रूपासून (तुकडे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून) तुकडा सोडवला की गेटचा, म्हणजे जोडाच्या जागेचा, बारीकसा उंचवटा राहतो. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. अर्ध्या फ्यूजलाजच्या (हेलिकॉप्टरच्या धडाच्या) कडेवर असे चार उंचवटे आणि थोडा फ्लॅश (साच्याच्या फटीतून आलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) असला की दोन अर्धी भेटतच नाहीत. मग आपण चिमटे लावतो, रबरबँड आवळतो आणि प्लास्टिक सांध्यापासून दूर कुठेतरी वाकतं.

माझा मामा कारखान्यात फिटर होता. दोन पृष्ठभाग जुळतात का हे बघायला तो एकाला निळं लावायचा आणि दुसऱ्यावर टेकवायचा. निळं उठलं तो उंचवटा, तेवढाच घासायचा. प्लास्टिकला निळ्याची गरज नाही, मऊ शिसपेन्सिल पुरते. एका कडेवर पेन्सिल गिरवा, दुसरी कडा त्यावर हलकेच दाबून केसभर सरकवा. जिथे काळं उठलं तिथेच कानस. पूर्ण कडा सपाट करायची असेल तर काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि फ्यूजलाजचं अर्ध त्यावर आठच्या आकड्यात फिरवा. नुसतं मागेपुढे घासलं तर आपला हात एका टोकाला जास्त दाबतो आणि तिकडची कडा खाली जाते. सात-आठ फेऱ्यांनंतर थांबून बघत चला. घासलेलं परत येत नाही.

त्याआधी सगळे स्प्रू भांड्यांच्या साबणाने धुऊन घ्या, साच्याचं तेल निघतं.

पोटाच्या फटीचा गुन्हेगार पोटात नसतो

दुसऱ्या चेतकच्या वेळी फ्यूजलाजची दोन अर्धी रिकामी जोडून पाहिली, तर छान मिटली. आत फरशी आणि मागची भिंत ठेवून पाहिली, तर पोटाखाली जवळजवळ एक मिलिमीटर फट. पहिल्या खेपेला हीच फट मी पुटीने बुजवली होती. मग वर छतावर इंजिनाची बैठक रुंद जागेत डुगडुगायला लागली, तिथे पुटी. मग काच दोन्ही बाजूंनी आखूड पडली, तिथेही पुटी, आणि पुटीबरोबर काचेवर ओरखडे. एका चुकीची भरपाई तीन ठिकाणी केली आणि मूळ चूक आत बंद करून टाकली.

या वेळी एकेक तुकडा बाहेर काढत गेलो. फरशी काढली, फट तशीच. फरशी ठेवून भिंत काढली, फट गेली. मागची भिंत रेझिनची (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेची) होती आणि एका बाजूला ओतकामाचा जाडसर ओठ राहिला होता. तो घासला, भिंतीच्या दोन्ही कडा मागच्या बाजूने तिरप्या केल्या (पुढून जाडी तीच दिसते, आत मात्र कवचाला जागा मिळते) आणि पोट मिटलं. इंजिनाची बैठक बसली. काचही बसली, म्हणजे जवळपास बसली. वीस मिनिटांचं काम होतं.

म्हणून आतला एकही तुकडा चिकटवण्याआधी सगळा डोलारा मास्किंग टेपवर उभा करा. फ्यूजलाज, फरशी, भिंत, छत आणि काच, सगळं एकत्र. कंटाळवाणं आहे, टेप दहा वेळा सुटते, तरी करा. काच शेवटी बसते म्हणून ती शेवटीच हातात घ्यायची, ही शॉर्ट-रन किटमधली सगळ्यात महागडी चूक. काचेचं माप पहिल्या दिवसापासून टेबलावर हवं.

रेझिन घासताना ओलं घासा आणि मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही.

काचेला कवचाच्या मापात आणायचा अट्टहास

पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असतं. निपरने (छोट्या कापणाऱ्या पकडीने) कापलं तर पांढरी चीर आतपर्यंत जाते, म्हणून गेट बारीक करवतीने कापा. आणि काच कवचात बसत नसेल तर बदलायचं ते कवच. काच अरुंद आणि केबिन रुंद असेल तर आत काय अडकतंय ते शोधा. काच रुंद आणि केबिन अरुंद असेल तर दोन भिंतींच्या मध्ये स्प्रूचा तुकडा आडवा ठोकून केबिन फाकवा. हा तुकडा छताच्या वर किंवा खुर्च्यांच्या मागे लपतो. त्याची लांबी एकदम नेमकी कापू नका. थोडा मोठा घ्या आणि घासत घासत आणा. घरावर पत्रे टाकताना वासा असाच जरा लांब ठेवतात.

फुगीर काच किटनुसार एका तुकड्यात येते किंवा डाव्या-उजव्या अर्ध्यांत. अर्धी असतील तर मधला सांधा आधी, बाकीचं नंतर. सुपरग्लू काचेजवळ आणूच नका. त्याच्या वाफेने आतून धुकं बसतं आणि काच बंद झाल्यावर ते पुसायला कोणाचं बोट आत जाणार? चकचकीत पारदर्शक अॅक्रिलिक वार्निशमध्ये काच बुडवून, झाकून चोवीस तास सुकवली तर धुक्यापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. चिकटवायला साधं फेविकॉल. सुकल्यावर पारदर्शक होतं, बारीक फट भरतं आणि ओल्या कापसाने पुसता येतं. एवढ्या गुणांचा परदेशी पदार्थ छोट्या बाटलीत चौपट किमतीला मिळतो. मी दोन्ही वापरलेत आणि बाटली आता घेत नाही.

तरीही कडेला पायरी राहिलीच तर काचेची चौकट आणि कवच एकत्र घासावं लागतं. अशा वेळी उरलेली काच टेपने झाका. ओरखडे पडले तर १५००, २०००, ३००० नंबरच्या ओल्या पेपरने क्रमाने घासून शेवटी गाडीचं पॉलिश लावा. केबिन बंद करण्याआधी आतली धूळ ब्रशने झाडा आणि विजेरी लावून बघा. माझ्या पहिल्या चेतकमध्ये वैमानिकाच्या पायाशी एक केस आहे, माझाच.

कुत्र्याचं शेपूट

लांब शेपटीची दोन अर्धी पिशवीत एकमेकांवर दाबून येतात, त्यामुळे वाकलेली असतात. म्हणीतलं शेपूट नळीत घालूनही सरळ होत नाही. प्लास्टिकचं होतं, पण गोंदाच्या जोरावर नव्हे. हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात, उकळत्या नाही, मिनिटभर धरा, हलक्या हाताने उलट दिशेला जरासं जास्त वाकवा आणि तसंच धरून थंड पाण्याखाली न्या.

मग आतून प्लास्टिक शीटच्या छोट्या जिभा लावा, एक डाव्या अर्ध्याला, पुढची उजव्याला, अशा आलटून पालटून. पाव किंवा अर्धा मिलिमीटर जाडीची शीट पुरते. शीट नसेल तर तळाशी ६ आकडा असलेला टाकाऊ कप किंवा झाकण बघा. ते पॉलिस्टायरीन असतं आणि किटच्याच गोंदाने चिकटतं. गोंद पूर्ण लांबीला एकदम सोडू नका. टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर जोडा, वाळू द्या, मग पुढचे. टेपच्या खालून पातळ गोंद ओघळतो आणि टेपचा किंवा बोटाचा ठसा कायमचा उमटतो, म्हणून ज्या जागी गोंद सोडणार तिथली टेप आधी काढा.

चेतकच्या शेपटीवर आडवा स्टॅबिलायझर (तोल राखणारा छोटा पंख) आहे आणि त्याच्या दोन टोकांना उभे पंख. हे पंख लावताना मॉडेल मागून बघा. स्टॅबिलायझर केबिनच्या फरशीला समांतर नसेल तर चूक शेपटीच्या पिळात आहे. पंख वाकडे लावून ती झाकू नका, एका चुकीच्या दोन होतात.

नाकापेक्षा मोती जड

तीन चाकांवर उभं राहणारं हे हेलिकॉप्टर वजन न घालता ठेवलं तर शेपटीवर बसतं. पण नाक काचेचं, वजन लपवायचं कुठे? फरशीखाली आणि पुढच्या खुर्च्यांच्या पोटात. मागच्या चाकांच्या पुढे असेल तेवढंच उपयोगाचं. टेपवर जोडलेलं मॉडेल मागच्या चाकांच्या जागी पेन्सिलवर तोलून बघा आणि पुढे झुकेपर्यंत शिसं वाढवा. मासेमारीच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या ठोकून चपट्या करता येतात. त्यानंतर फरशी पुन्हा बसवून बघायची, कारण नव्या फटीचं कारण बऱ्याचदा हेच शिसं असतं.

आणि शिसं फेविकॉलने चिकटवू नका. पांढरा गोंद आणि शिसं यांची हळूहळू रासायनिक क्रिया होते, शिसं फुगतं आणि काही वर्षांनी सांधे आतून उकलतात. अॅराल्डाइटसारखा इपॉक्सी वापरा. शिसं हाताळून झालं की हात धुवा.

आता लांबी

सुतारसुद्धा बोटभर फट लांबीने भरत नाही, आधी पट्टी ठोकतो. इथेही तेच. पाव मिलिमीटरहून मोठ्या फटीत प्लास्टिक शीटची पट्टी बसवा आणि वाळल्यावर तासून सपाट करा. त्याहून लहान फटीला त्याच किटच्या स्प्रूचे तुकडे पातळ गोंदात रात्रभर विरघळवून केलेला चिकट लगदा उत्तम, कारण तो त्याच प्लास्टिकचा असतो आणि वर रेघ मारली तरी तुकडे उडत नाहीत. फक्त तो वाळायला दोन-तीन दिवस घेतो आणि वाळताना बसतो. घाई केली तर खड्डा पडतो. केसभर फटीसाठी मिस्टर सरफेसर ५०० (बाटलीतली पातळ पुटी) ब्रशने लावा आणि अर्धवट सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने जादाचं पुसून घ्या. पेपर लागत नाही, आजूबाजूचे रिव्हेट वाचतात. सुपरग्लूने पायरी भरली तर तासाभरात घासा. रात्रभर ठेवली की ती प्लास्टिकपेक्षा टणक होते आणि पेपर बाजूचं प्लास्टिक खातो.

भरायचं काय, हेही ठरवा. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात चेतक ठेवलेलं आहे, जमलं तर जाऊन दाराजवळचे फोटो काढा. मागची दारं सरकती आहेत, त्यांच्या कडा आणि बाहेरचा रूळ स्पष्ट दिसतो. त्या रेषा खऱ्या आहेत. पहिल्या मॉडेलमध्ये मी उत्साहाने दारंही लिंपून टाकली होती. आत जायला वाटच नाही.

मग करडा प्रायमर. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, दमट हवेत लॅकर पांढरं पडतं, तेव्हा एखादा कोरडा दिवस बघा. प्रायमरमध्ये दिसलेली रेघ ही रागवायची गोष्ट नाही, प्रायमर त्यासाठीच असतो.

रोटर घाईत लावणं

कागदावर वर्तुळ काढा, १२० अंशांवर तीन रेषा, मध्ये टाचणी. रोटरहेड (पाती जिथे जोडतात तो मधला भाग) त्यावर ठेवून पाती रेषांवर चिकटवा. पात्याची जाड, गोल कड पुढे असते आणि फ्रेंच रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, अमेरिकन उलटा. सवयीने अमेरिकन हेलिकॉप्टरं जोडणारे इथे हटकून फसतात. रशियन जोडत असाल तर आणखी एक गंमत आहे. एमआय-८ चा शेपटीचा पंखा उजवीकडे आणि एमआय-१७ चा डावीकडे असतो. खोक्यावर काय छापलंय त्यापेक्षा फोटोवर विश्वास ठेवा.

उभं हेलिकॉप्टर पाती किंचित झुकवून उभं असतं, तेवढा बाक गरम पाण्यात देता येतो. मस्तूल, म्हणजे रोटरचा उभा दांडा, मात्र ओळंब्यात हवा. माझा पहिला डावीकडे कललेला आहे, कारण इंजिनाची बैठक कललेली होती, आणि ती कललेली होती त्या रेझिनच्या ओठामुळे.