आई जेलमध्ये गेली तर मागे राहिलेल्या पोरांसाठी काय करायचं

बाप जेलमध्ये गेला तर आई पोरं सांभाळते, जेलच्या भेटीच्या रांगेतही उभी राहते, पण आईच आत गेली की पोरं आजीकडे नाहीतर मावशीकडे जातात आणि ती आजी स्वतःच चार घरची धुणीभांडी करत असते. त्यामुळे मदत करायचीय ना, तर आधी त्या आजीकडे जा. आपल्या इंदूरच्या मंडळांची सवय अशी की गणपतीत वर्गणी काढायची, वह्या वाटायच्या, फोटो काढायचा, झालं! वह्या राहू देत, आजी कामावर जाते तेव्हा धाकटं कोणाकडे असतं ते विचारा. बहुतेक वेळा मोठी पोरगी शाळा बुडवून त्याला बघत असते. मग शेजारच्या बायकांनी मिळून पाळी लावायची, आंगणवाडीत नाव टाकायचं, एवढ्यानं पोरगी शाळेत जायला मोकळी होते.

घरी कोणीच नसेल तर मात्र परस्पर आपल्याकडे ठेवून घेऊ नका, मन कितीही चांगलं असलं तरी. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा, बाल कल्याण समितीसमोर प्रकरण जाऊ द्या. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत आत राहू शकतं, सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल आहे, आणि सहानंतर ते कोणाकडे द्यायचं यात आईची इच्छा बघितली जाते, तेव्हा तिला विचारल्याशिवाय नातेवाइकांनी भांडत बसू नये.

कागदांचं म्हणाल तर पोरांचे आधार आणि समग्र आयडी (एमपी सरकारचा कुटुंबाच्या नोंदणीचा नंबर) शोधा, समग्रशिवाय आपल्या एमपीत पान हलत नाही. शाळा म्हणते टीसी आणा, जन्मदाखला आणा, पण ६ ते १४ वयाच्या पोराला त्यावरून परत पाठवता येत नाही, शिक्षण हक्काचा आरटीई कायदा तेच सांगतो. पैशांसाठी मिशन वात्सल्य या सरकारी बालसंरक्षण योजनेची स्पॉन्सरशिप आहे, महिन्याला ४००० रुपये, शहरात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ९६,००० च्या आत लागतं. आपोआप काही मिळत नाही, जिल्हा बाल संरक्षण युनिटमध्ये अर्ज द्यावा लागतो, मंजुरी स्पॉन्सरशिपची वेगळी समिती देते. अडलं तर मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, आजीला घेऊन जा, अर्जाची पोच घ्यायची मात्र विसरू नका.

आता सगळ्यात अवघड. पोरं विचारतात आई कुठेय, आणि सगळे सांगतात गावाला गेली. नका सांगू असं, गल्लीतलं कोणीतरी पोर चिडवताना खरं बोलतंच आणि मग ते लेकरू मोठ्यांचं काहीच ऐकत नाही. साधं सांगा, आई जेलमध्ये आहे, कोर्टात केस चालू आहे, कधी येईल माहीत नाही, तुझ्यामुळे नाही गेली. हे शेवटचं दोन-तीनदा सांगा, लहान पोरांना खरंच वाटतं की आपण हट्ट केला म्हणून आई गेली. शाळेत फक्त एका भरवशाच्या बाईंना सांगून ठेवा, सगळ्या स्टाफला नको. आणि मंडळाच्या ग्रुपवर फोटो-नावं अजिबात टाकायची नाहीत.

भेटीला नेताना नंबर कसा लावायचा, कुठले कागद लागतात ते आदल्या दिवशीच जेलच्या गेटवर विचारा, नाहीतर रिक्षाचं भाडंही जातं आणि पोर रडत घरी येतं. आई जाळीपलीकडे असू शकते, जवळ घेता येणार नाही कदाचित, हे निघतानाच सांगा. चित्र, शाळेचं प्रगतीपुस्तक सोबत घ्या, नाहीतर दोघंही नुसती एकमेकांकडे बघत बसतात आणि वेळ संपतो.

आणि वकील! बाई आणि कोठडीतला माणूस, दोघांनाही विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, त्यांच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. पोरं किती, वयं काय, कोण सांभाळतंय हे एका कागदावर लिहून वकिलाला द्या. बीएनएसएस, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या कलम ४८० मध्ये आरोपी बाई असेल तर गंभीर गुन्ह्यातही कोर्ट जामिनाचा विचार करू शकतं, पण घरी तीन लेकरं आहेत हे वकिलालाच माहीत नसेल तर तो कोर्टात सांगणार काय?