बाहेरगावचे मित्र वाढदिवसाला येणार असतील तर तयारी कशी करायची

वाढदिवस आपला आणि त्यासाठी बाहेरगावाहून चार-पाच मित्र शहरात येणार, घर छोटं, वेळ कमी, अशा वेळी सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून टाका, हे लोक तुमच्यासोबत दोन दिवस घालवायला येतायत आणि पार्टी हा त्यातला फार तर तीन तासांचा भाग आहे. मी सुरुवातीला सगळी ताकद त्या तीन तासांवर लावायचो आणि बाकीचा वेळ नुसती धावपळ व्हायची.

पहिलं काम, विचारून घेणं. दोन आठवडे आधी प्रत्येकाला वेगवेगळा फोन करा. ग्रुपवर विचारलं की सगळे "मला काहीही चालतं" म्हणतात आणि मग आल्यावर कळतं की एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, दुसऱ्याची पाठ दुखते त्यामुळे खाली गादीवर झोपता येत नाही. खाण्यातलं काय चालत नाही, झोपायला काय लागतं, फ्रिजमध्ये ठेवायचं काही औषध आहे का आणि परतीचं तिकीट कधीचं आहे, एवढं विचारलं तरी पुरे.

मग पार्टीची वेळ ठरवा, आणि माझं ऐकाल तर पोचल्याच्या दिवशी ठेवू नका. एकदा मी ठेवली होती. माझा शाळेपासूनचा मित्र नऊ तासांचा प्रवास करून संध्याकाळी पोचला, आम्ही बारा वाजता केक कापायचं ठरवलेलं, अकराच्या सुमारास बघतो तर हा सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेला, हातात पाण्याचा ग्लास तसाच. मी हळूच ग्लास काढून घेतला. त्याला उठवायचं जिवावर आलं, आणि केक त्याच्याशिवाय कापायचा तर तो इतक्या लांबून आला कशाला? शेवटी सगळं दुसऱ्या दिवशी दुपारी केलं आणि तीच पार्टी सगळ्यांच्या लक्षात राहिली.

नवीन जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हा नुसता अनुभव नाहीये बरं का. २०१६ मध्ये ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा जास्त जागा राहतो, जणू पहारा देतोय. म्हणून दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी सोडा, कुणाला उठवू नका, आणि कार्यक्रम दुपारनंतर ठेवा.

पत्ता नीट पाठवा. शहरात नुसतं लोकेशन पाठवून भागत नाही, पिन बऱ्याचदा मागच्या गेटवर नेऊन सोडते. स्टेशनच्या कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, गेट कसं दिसतं त्याचा फोटो, कितवा मजला, हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून आदल्या दिवशीच पाठवा म्हणजे वाटेत नेट गेलं तरी त्यांच्याकडे असेल. आणि अंतर सांगताना किलोमीटर सांगू नका, मिनिटं सांगा, संध्याकाळच्या गर्दीत सहा किलोमीटरला एक तासही लागू शकतो हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार.

घरातली तयारी. प्रत्येकाच्या झोपायच्या जागेजवळ चार्जिंगचा सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड, एक टॉवेल, एक पाण्याची बाटली. वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. अंघोळीचं गणित मात्र आधी करा, १५ लिटरचा २ किलोवॉटचा गिझर २५ डिग्रीचं पाणी ६० पर्यंत न्यायला साधारण १८-२० मिनिटं घेतो, म्हणजे पाच जण एकामागोमाग जाणार असतील तर शेवटच्याला गार पाणीच मिळणार, तेव्हा दोघं-तिघं रात्री अंघोळ करतील असं आधीच बोलून ठेवा.

आणि घराची एक जादा किल्ली बनवून पाहुण्यांच्या हातात द्या. ही मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. किल्ली हातात असली की माणूस सकाळी एकटा चालायला जाऊन येतो, लागेल ते आणतो, दर वेळी बेल वाजवून आपल्याला उठवल्याचा संकोच राहत नाही, घर त्याचंही होतं.

पार्टीचा दिवस. फुगे आदल्या रात्री फुगवून ठेवू नका, साधा रबरी फुगा हेलियम भरला तरी साधारण १२ ते २० तासच तरंगतो. शेजाऱ्यांना एकदा प्रत्यक्ष भेटून सांगा की आज थोडा आवाज होईल आणि किती वाजता बंद होईल, आणि त्या वेळेला खरंच बंद करा. शिजवलेलं खाणं बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, उकाडा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास, म्हणून सगळं एकदम न मांडता दोनदा मांडा. क्रीमचा केक कापायच्या थोडं आधीच फ्रिजमधून काढा.

मेणबत्त्यांचं म्हणाल तर २०१७ मध्ये क्लेमसन विद्यापीठातल्या संशोधकांना फुंकर मारल्यावर आयसिंगवर १४०० टक्के जास्त जंतू सापडले होते. निरोगी माणसाने घाबरायचं कारण नाही, पण कुणी आजारातून उठलेलं असेल किंवा बर्थडेवाल्यालाच सर्दी असेल तर मेणबत्त्या वेगळ्या छोट्या तुकड्यावर लावा, फुंकर त्यावर मारू द्या, मोठा केक बाजूला.

गावचे मित्र आणि शहरातले मित्र एकमेकांना ओळखत नसतात, ते आपापल्या कोपऱ्यात बसून राहतात. ओळख करून देताना नुसतं नाव सांगू नका, "हा आणि मी एका बाकावर बसायचो, आणि हिने मला या शहरातली पहिली खोली शोधून दिली", असं काहीतरी सांगा, मग ते दोघं आपोआप तुमच्याबद्दल बोलायला लागतात आणि तुम्ही निवांत दुसरीकडे वळू शकता.

फिरायचं तर दिवसाला एकच ठिकाण, तेही शक्यतो घरापासून जवळचं. पाच ठिकाणांची यादी केली की अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो.

परतीच्या दिवशी निघायच्या तासभर आधी सगळ्या सॉकेटवरून एक नजर फिरवा, कुणाचा तरी चार्जर राहिलेलाच असतो, बाथरूममध्ये चष्मा आणि फ्रिजमध्ये औषध राहिलंय का तेही बघा, जादा किल्ली परत घ्या, आणि शक्य असेल तर गाडी सुटेपर्यंत सोबत थांबा.